शिकागोचा दिवस, इंदूरची रात्र आणि रक्तातली साखर

शिकागोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इंदूरला उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात. लोकमान्यनगरात राहणारा माझा भाचा त्याच सुमारास अमेरिकी ग्राहकांच्या कामाला बसतो आणि पहाटे मोकळा होतो. आम्ही आत्या-भाचे एकाच वेळी काम करतो. मात्र माझ्या खिडकीत तेव्हा ऊन असते आणि त्याच्या खिडकीबाहेर काळोख. हा फरक किरकोळ नाही, कारण रात्री जागण्याचा आणि रात्री जेवण्याचा रक्तातल्या साखरेशी संबंध आहे. आपल्या घरांत मधुमेहाचा विषय निघाला की बोलणे जिलेबी, मावाबाटी आणि आनुवंशिकता यांच्या पलीकडे जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी राहते त्याच शहरातील शिकागो विद्यापीठात कॅरिन स्पीगल आणि ईव्ह व्हान कॉटर यांनी केलेला एक प्रयोग 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 11 निरोगी तरुणांना सलग 6 रात्री अंथरुणात फक्त 4 तास राहू दिले गेले आणि त्यानंतरच्या रात्री 12 तास. शिरेतून दिलेले ग्लुकोज रक्तातून नाहीसे होण्याचा वेग, भरपूर झोपेनंतरच्या तुलनेत, अपुऱ्या झोपेच्या काळात सुमारे 40 टक्क्यांनी मंदावलेला आढळला. संध्याकाळी उतरायला हवे असलेले कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरकही चढेच राहिले. हे लोक आजारी नव्हते, वयस्कर नव्हते, याचे मला विशेष वाटते. कारण ‘तरुण आहे, झेपेल’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो.

झोप किती तास झाली, एवढ्यानेही प्रश्न सुटत नाही. मेंदूतील मुख्य घड्याळ डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर चालते, तर यकृत आणि स्वादुपिंड यांची घड्याळे जेवणाच्या वेळेलाही जुमानतात. रात्री मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक वाढते आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणे काहीसे आवरते घेतले जाते, त्यामुळे सकाळी सहज पचलेले ताट मध्यरात्री रक्तात अधिक साखर ठेवून जाते. बोस्टनमध्ये फ्रँक शीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाणे-झोपणे शरीराच्या घड्याळाच्या अगदी उलट, म्हणजे 12 तासांनी सरकलेले, असताना इन्सुलिन 22 टक्क्यांनी वाढूनही ग्लुकोज 6 टक्के जास्त राहिले. अधिक इन्सुलिन खर्ची पडूनही साखर आवरली जात नाही, ही स्थिती वर्षानुवर्षे चालू राहिली तर स्वादुपिंडावर किती भार पडेल, या विचाराने मला भाच्याची काळजी वाटते.

दिलासा देणारी गोष्टही बोस्टनच्याच संशोधकांकडून आली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 19 जणांना कृत्रिम रात्रपाळी दिली होती. ज्यांनी रात्री जेवण घेतले त्यांचे सरासरी ग्लुकोज 6.4 टक्क्यांनी वाढले, तर ज्यांनी केवळ दिवसा जेवण घेतले त्यांच्यात लक्षणीय वाढ झाली नाही. प्रयोग लहान आहे, तरी त्यातून करण्याजोगे काही हाती लागते. सुट्टीच्या दिवशी सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात जाऊन गराडू खाणे आणि आठवड्याचे पाच दिवस रात्री दीड वाजता पूर्ण थाळी जेवणे, यांत मी फार फरक मानते. मुख्य जेवण पाळीवर बसण्यापूर्वी उरकावे, रात्री अगदीच भूक लागली तर थोडेसे खावे, सकाळी खोलीत जाड पडदे लावून झोपावे आणि त्या वेळी घरातल्यांनी दाराची बेल व कुकर यांचा आवाज सांभाळावा, असे मी वहिनीला कळवले आहे.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवी. पहाटे तीन वाजता जेवलेला मुलगा सकाळी आठला उपाशीपोटीची साखर तपासायला गेला, तर ती तपासणी उपाशीपोटीची ठरत नाही, कारण तिच्यासाठी निदान 8 तास पोट रिकामे लागते. त्यामुळे पाळीच्या वेळा, शेवटच्या जेवणाची वेळ आणि झोपेचे तास एका कागदावर लिहून न्यावेत आणि तीन महिन्यांच्या सरासरीची, म्हणजे एचबीए1सीची, तपासणीही करावी का, हे तिथेच विचारून घ्यावे.