किनाऱ्यावर स्पिनिफेक्स: आषाढात पिशव्या, भाद्रपदात लावण

कोकणात समुद्राला लागून वाडी किंवा होमस्टे असला की मालकाला पुढे हिरवळ हवी असते. त्यासाठी वाळूवर तांबड्या मातीचे ट्रक रिकामे होतात. खारे वारे आणि खारट बोअरचं पाणी मिळून पहिल्या उन्हाळ्यातच लॉन करपतं, आणि त्या मातीत पुढच्या पावसात तण माजतं. समुद्राकडच्या पहिल्या ओळीत खरं तर स्पिनिफेक्स लिट्टोरियस हवं. आपल्याच किनाऱ्याचं, रावणाच्या मिशा म्हणून ओळखलं जाणारं काटेरी गवत. त्याच्यावर कोणी बसणार नाही, चालणार नाही; पानाचं टोक सुईसारखं घुसतं. पण वाळू अडवण्याच्या कामात हे गवत कुठल्याही भिंतीला भारी आहे.

बियांच्या नादी लागू नका. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, मादीचे काटेरी गोळे वाऱ्यावर गडगडत जातात, पण त्यातल्या कितीतरी बिया पोकळ निघतात. वाळूवर पसरणाऱ्या धावत्या खोडांच्या कांड्याच घ्या: ३ ते ४ पेरांच्या, साधारण ३० ते ४० सेंमी लांब, शक्यतो पेरांना मुळं फुटलेल्या. एका जाळीतल्या सगळ्या कांड्या एकाच झाडाच्या असू शकतात, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या जागांहून आणा. वाळूच्या टेकड्या सीआरझेड-१ए मध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रातल्या सर्वांत संवेदनशील भागात मोडतात, तिथून उपटायच्या नाहीत. खाजगी जागेतल्या किंवा रोपवाटिकेतल्या बघा. जाड हातमोजे विसरू नका.

लावणीची वेळ ही खरी अडचण. मुळं धरायला पाऊस हवा, आणि नेमक्या त्याच दिवसांत समुद्र किनारा खातो. जुलैत थेट पुढच्या ओळीत लावलेलं गवत एका उधाणात जातं. म्हणून कांड्या आषाढात पिशव्यांत लावायच्या: तीन भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत, तळाला भोकं नीट मोकळी. पाणी साचलं तर पेर काळं पडून कुजतं. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागला की भाद्रपदात रोपं जागेवर न्यायची.

उधाणाच्या रेषेपासून किमान ४-५ मीटर आत, किनाऱ्याला समांतर तीन ओळी. रोपांत आणि ओळींत ५० सेंमी अंतर, ओळी एकाआड एक सरकवून. १० मीटर लांबीला ६० रोपं लागतात, शिवाय मर भरून काढायला १५-२० जास्तीची ठेवा. खालची दोन पेरं ओल्या वाळूत १५ सेंमी खोल गेली पाहिजेत. वरवर खुपसलेलं रोप ऑक्टोबरच्या उन्हात टिकत नाही. पाऊस थांबल्यावर पहिला महिना आठवड्यातून दोनदा, रोपामागे दोन लिटर गोडं पाणी. नंतर बंद करा.

या गवताची खोड अशी की त्याच्यावर वाळू येत राहिली तरच ते जोमात वाढतं: पुरलेल्या पेराला मुळं फुटतात, शेंडा वर निघतो. समोर चिऱ्याची भिंत घातली की वाळू येणं थांबतं आणि जाळी विरळ होत जाते. वाळू कमी पडत असेल तर समुद्राच्या बाजूला सुट्या झावळ्यांचं ६०-७० सेंमी उंच कुंपण करा, निम्मा वारा आरपार जाईल असं. विणलेले झाप नकोत, त्यांच्या बुडाशी वारा वाळू उकरतो. सुरूच्या झाडांच्या सावलीतही लावू नका. याला पूर्ण ऊन लागतं.

मागच्या पट्ट्यात मर्यादवेल, ही वाळूवर पसरणारी किनाऱ्यावरची वेल, आणि बसा-चालायला हवंच असेल तर त्याच्याही मागे साधी हरळी. मातीची क्षारता ७ डेसिसायमन प्रति मीटरच्या आसपास असेपर्यंत ती फारशी कुरकुरत नाही.

कासवं अंडी घालतात त्या किनाऱ्यांवर, रत्नागिरीतलं वेळास असो की गोव्यातलं मोरजी, घरट्यांचा मोकळा पट्टा सोडूनच लावण करावी.

समुद्राकडे जायची वाट पहिल्याच दिवशी आखून दोरी बांधा, मीटरभर रुंद, पण सरळ नको, तिरकी काढा. सरळ वाटेतून वारा थेट आत घुसतो आणि दोन्ही कडांची मुळं उघडी पाडतो.