गुरुवारी कोमेजणारे मासे

आमच्याकडे फिश टँक आला तो लेकीच्या हट्टापायी. परळची वन रूम किचन, त्यात दोन फुटी टँक ठेवायचा म्हणून टीव्ही भिंतीवर गेला. 12 निऑन टेट्रा, स्पंज फिल्टर आणि तळाला घालायला 6 किलो पांढरीशुभ्र खडी, अशी खरेदी एकाच दुकानात झाली. "पांढऱ्यावर निऑनचा निळा पट्टा काय उठून दिसतो बघा," दुकानदार म्हणाला. दिसत होताच. वर लेकीने अलिबागहून गोळा करून आणलेले शंख-शिंपले मांडले आणि आम्ही आठवडाभर टीव्ही लावला नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून एकेक मासा जायला लागला. मी दर रविवारी अर्धं पाणी बदलायचो. पालिकेचं पाणी सकाळी पिंपात भरून ठेवायचं, क्लोरीन मारायचे थेंब टाकायचे आणि मग टँकमध्ये ओतायचं. सोमवारी मासे चकाचक. गुरुवार उजाडला की लाल रंग विटल्यासारखा, सगळे कोपऱ्यात चिकटून. बायको म्हणाली, "यांचा गुरुवारचा उपास असेल." पण मला ते खटकत राहिलं. नवीन पाण्यात बरे असतात म्हणजे नळाचं पाणी वाईट नाही. मग टँकमध्ये चार दिवसांत त्याचं होतं काय?

पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते सांगणारा आकडा; 7 म्हणजे मधलं, खाली आम्ल, वर अल्कली) तपासायचं थेंबांचं किट आणलं. नळाचं पाणी 7.4. टँकचं पाणी थेट गडद निळं, म्हणजे त्या किटच्या तक्त्यातला शेवटचा रंग. तो तक्ता 7.6 लाच संपतो, हे मला तेव्हा कळलं. वरच्या पट्टीचं वेगळं किट घेतलं, तर आकडा आला 8.2. निऑन ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, तिथलं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आणि आम्लाकडे झुकणारं. शिवाय पीएचचा एक अंक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. त्याहून वाईट गोष्ट अमोनियाची. माशांनी पाण्यात सोडलेला अमोनिया पीएच 7 ला जवळजवळ सगळा निरुपद्रवी रूपात असतो, विषारी भाग शंभरात एकही नाही. आपल्या मुंबईच्या उकाड्यात 8.2 ला तोच भाग शंभरात 9 च्या घरात जातो.

मग मी नवशिके करतात ते केलं. पीएच उतरवायची बाटली आणली. रात्री टोपणभर टाकली, 7.2. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा 8. परत टाकली, परत चढला. त्या खाली-वर होण्यात आणखी दोन मासे गेले, आणि त्यांची हत्या मी खडीच्या नाही, माझ्याच खात्यावर लिहितो.

तळमजल्यावरचे काका बरीच वर्षं मोली जातीचे मासे पाळतात. जिन्यात भेटले, तेव्हा सगळं सांगितलं. म्हणाले, "अरे, पाण्याला कसली औषधं देतोस? खाली काय घातलंयस त्याच्यावर जरा व्हिनेगर टाक."

चायनीजसाठी आणलेली व्हिनेगरची बाटली होतीच. शिंपल्यावर थेंब पडताच फसफस. खडीवर आधी काहीच दिसेना. मग दोन खडे खलबत्त्यात कुटले आणि त्या भुकटीवर टाकलं. बारीक बारीक बुडबुडे, इनो टाकल्यासारखे, पण आळशी. ती खडी संगमरवराची होती. संगमरवर काय, शिंपला काय, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट. माशांच्या श्वासातून पाण्यात कार्बन डायऑक्साइड जातो, त्याने पाणी किंचित आम्ल होतं आणि ते आम्ल खडी हळूहळू विरघळवतं. त्यातून सुटणारं कार्बोनेट पीएच वर ढकलतं आणि 8.3 च्या आसपास नेऊन ठेवतं. माझी बाटली जेवढं आम्ल घालत होती, तेवढं 6 किलो संगमरवर निवांत खात होतं. कार्बोनेट मोजायच्या किटमध्ये नळाच्या पाण्याला 3 थेंब लागले, टँकच्याला 9.

तरी खात्री म्हणून आइस्क्रीमचे तीन रिकामे डबे घेतले. एकात नुसतं नळाचं पाणी, एकात पांढरी खडी, एकात बांधकामवाल्याकडून आणलेली बारीक काळी खडी. पाच दिवसांनी अनुक्रमे 7.6, 8.2, 7.6. मामला स्पष्ट. (काळी खडी म्हणजे आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट, तो पाण्याला फारसा हात लावत नाही. पण त्यातही कधीकधी कॅल्साइटचे पांढरे डोळे असतात. तसे खडे मी वेचून फेकले. व्हिनेगर इथेही लावून बघावं.)

खडी बदलणं हे खरं किचकट काम. अमोनिया पचवणारे जिवाणू खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजात बसलेले असतात, त्यामुळे सगळी एकदम उपसली तर पाण्याचा तोलच जातो. शिवाय पीएच एका झटक्यात उतरवणंही माशांना मानवत नाही. दर रविवारी एक तृतीयांश खडी श्रीखंडाच्या डब्याने उपसायची आणि त्याजागी बादलीत आठ-दहा वेळा धुतलेली काळी खडी टाकायची. स्पंज फिल्टरला त्या तीन आठवड्यांत हात लावला नाही. पाणीही अर्ध्याऐवजी पाव बदललं.

पाणी जरा आम्लाकडे झुकवायला सोसायटीतल्या बदामाची गळालेली लाल पानंही उकळून टँकमध्ये टाकली. आधी टाकली असती तर पाणी चहासारखं झालं असतं आणि पीएच जागचा हलला नसता, कारण खाली संगमरवर होता. आता पाण्यात कार्बोनेट कमी आहे, त्यामुळे पानांचा थोडा परिणाम दिसतो. परवाचा आकडा 7.1. उरलेले पाच निऑन गुरुवारीही टँकच्या मधोमध फिरतात.

शिंपले खिडकीत गेले. पांढरी खडी काका घेऊन गेले, कारण मोलींना असंच जड, क्षाराचं पाणी लागतं. त्यांच्याकडे गेल्या आठवड्यात पिल्लं झाली. लेक आता मोली मागतेय.