खालची ओळ कापू नका

मध्यंतरी मोबाइलवर एक चित्र फिरत फिरत माझ्याकडे आलं. पडकी कमान, तिच्यावर उगवलेलं झाड, खाली दोन माणसं बसलेली. वर लिहिलेलं: 'पन्हाळ्याचा दोनशे वर्षांपूर्वीचा दरवाजा.' मी लगेच कपाट उघडलं. तेच चित्र माझ्याकडे अख्खं आहे, चारी बाजूंच्या पांढऱ्या कागदासकट, आणि त्याच्या खाली स्वच्छ छापलंय: विजापूर. कुणीतरी कडा कापल्या, नाव गेलं आणि विजापूरचा पन्हाळा झाला. आता शंभर जण तो तसाच पुढे पाठवणार.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमचं फ्रेमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. देवादिकांची चित्रं, लग्नातले फोटो, शाहू महाराजांच्या तसबिरी हे रोजचं काम. जुन्या छापील चित्रांचा नाद मला दुकानातच लागला. कुणाच्या माडीवरची फ्रेम फुटली की आतला कागद माझ्या हातात यायचा. आणि गिऱ्हाईक हटकून म्हणायचं, "दादा, कडंचा पांढरा कागद काढून टाका की, चित्र मोठं दिसंल." तेवढं मी कधीच करत नाही. रागावून गेलेली गिऱ्हाइकं आहेत, पण कात्री मी लावत नाही.

त्या कडेत काय असतं, ते विजापूरच्या पानावरच सांगतो. ते 1830 ते 1833 या काळात लंडनमध्ये निघालेल्या एका मालिकेतलं आहे. रॉबर्ट एलियट या आरमारी अधिकाऱ्याने इथे फिरून स्केचेस केली. त्यांवरून लंडनच्या चित्रकारांनी चित्रं रंगवली. त्यांतला सॅम्युएल प्राउट तर हिंदुस्थानात कधी आलाच नाही. मग तिसऱ्याने ते पोलादी पत्र्यावर कोरलं. ही नावं चित्राखाली बारीक अक्षरांत असतात: पाहिलं कुणी, काढलं कुणी, कोरलं कुणी. म्हणजे कमानीवरचं ते झाड खरंच तिथे होतं, की लंडनच्या दिवाणखान्यांना भग्न वास्तू आवडायच्या म्हणून उगवलं, हा प्रश्न ही ओळ वाचल्याशिवाय पडतच नाही. ती ओळ गेली, तर चित्राचा पुरावा गेला आणि शोभा तेवढी उरली.

गुजरीत माझा एक मित्र दागिन्यांवर नक्षी कोरतो. त्याला हे पान दाखवलं. डोळ्याला भिंग लावून तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "ही रेघ ढकलून काढलीया, ओढून न्हाई. टोकाला बघ कशी निमुळती होत गेलीया." कोरणाऱ्याची कलम पुढे ढकलत नेतात, हे त्याच्या हाताला ठाऊक. आकाशातल्या रेघा मात्र त्याला खटकल्या: सगळ्या एकसारख्या, एका अंतरावर. त्या यंत्राने आखलेल्या असतात, हे मी त्याला सांगितलं. तांब्याचा पत्रा काही शे प्रतींत झिजायला लागतो, पोलादाचा हजारोंनी प्रती देतो. म्हणून 1820 नंतर अशी चित्रं मुबलक निघाली आणि म्हणूनच ती आजही आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आहेत.

खालच्या ओळीत सगळेच येतात असं मात्र नाही. वेरूळच्या लेण्यांची 24 चित्रं थॉमस डॅनियलने 1803 मध्ये प्रसिद्ध केली, जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. नावं या दोघांची. पण वेल्सचा पुण्यातला सहायक गंगाराम तांबट याने त्याच काळात वेरूळची लेणी स्वतः रेखाटली होती. त्याची रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. मला तर गंगारामचं नाव घेतल्याशिवाय ही वेरूळची चित्रं कुणाला दाखवताच येत नाहीत. आपल्या माणसाने हे काम केलंय, हे इथल्या पोरांना कळायलाच पाहिजे.

म्हणून मी चित्र पाठवतो तेव्हा अख्खं पान पाठवतो. कडा, खालची ओळ, छापताना कागदावर उमटलेली पत्र्याची दाबखूण असेल तर तीही, शेजारी पट्टी ठेवून. मागच्या बाजूचाही फोटो काढतो, कारण कुठल्या पुस्तकातून पान फाडलंय याचा माग कधी कधी मागच्या मजकुरात लागतो. रंग असेल तर तो मूळचा की विकणाऱ्याने परवा भरलेला, याबद्दल मला वाटतं ते स्पष्ट लिहितो.

राहिला आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कागद दमट होतो आणि तपकिरी ठिपके धरतो. चित्र काचेला चिकटेल असं बसवू नका, मध्ये माउंट, म्हणजे चित्रापुरती खिडकी कापलेला पुठ्ठा, हवाच, आणि तोही आम्लविरहित. साध्या पुठ्ठ्यातल्या आम्लाने त्या खिडकीच्या कडेने चित्रावर पिवळी रेघ उमटते. फेविकॉल आणि चिकटपट्टी तर लांबच ठेवा. मी गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ जपानी कागदाची पट्टी वापरतो, वरच्या दोन टोकांना फक्त. पाणी लावलं की ती सुटते.

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर किंवा पन्हाळा, यांचं जुनं छापील चित्र कुणाच्या माडीवर असेल, तर कृपा करून फ्रेमसकट, न उघडता आणा. उघडायचं काम माझं. बघायचे, फोटो काढायचे पैसे घेत नाही आणि चित्र तुमचं तुमच्याकडेच राहील.