तुम्ही विचारलंत म्हणून: घटस्फोटात हसण्यासारखं काय असतं?

प्रयोग संपला की कोणी ना कोणी विंगेत येतं आणि हाच प्रश्न विचारतं. घटस्फोटासारख्या विषयावर तुम्हाला विनोदी नाटक कसं काय लिहावंसं वाटलं? कोणाच्या आवाजात कुतूहल असतं, कोणी दुखावलेलं असतं. दुखावलेल्यांशी मी जास्त वेळ बोलते, कारण बहुतेकदा त्यांच्याच घरात कोणाची तरी केस सुरू असते. पण सेट उतरवायची घाई, बाहेर टेम्पो उभा, अशात बोलणं अर्धवट राहतं. म्हणून एकदा नीट लिहिते.

नाटक न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. नायिका पन्नाशीची, नागपूरच्या प्रतापनगरात राहणारी. नवरा वर्षभरापासून वेगळा राहतो, दोघांनी परस्पर संमतीने अर्ज केला आहे, मुलगी पुण्यात नोकरीला आहे. आणि या मधल्याच काळात तिला सिंचन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ भेटतात, ज्यांचा स्वतःचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली आहेत. ते दोघं एकमेकांना आवडू लागतात.

माझाही घटस्फोट झाला आहे. नागपुरात हे लपून राहत नाही आणि मला लपवायचंही नाही. नाटक माझी गोष्ट नाही, पण त्याचं बी माझ्याच आयुष्यातल्या एका प्रसंगात आहे, आणि तो प्रसंग मी नाटकात घेतलेला नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलांनी आमच्यापुढे अटींचा कागद ठेवला. नवऱ्याने तो वाचायला घेतला आणि खिसे चाचपायला लागला. चष्मा घरी राहिला होता. मी काही विचार न करता डोळ्यांवरचा चष्मा काढून त्याच्या हातात दिला. आमचा वाचायचा नंबर सारखाच. घरी कित्येक वर्षं एकाच चष्म्यावर दोघांचं भागत होतं, आणि पेपर आधी कोणी वाचायचा यावरून सकाळी कुरबुर व्हायची. त्याने चष्मा लावला, सगळ्या अटी शांतपणे वाचल्या, ‘तिसऱ्या मुद्द्यात तुझं नाव चुकलंय बघ’ म्हणाला, आणि परत देताना रुमालाने काचा पुसून दिल्या. बाजूला उभी असलेली तरुण वकील आमच्याकडे बघतच राहिली. मग आम्हा दोघांनाही हसू आलं. एकाच वेळी, एकाच गोष्टीवर, किती वर्षांनी कोण जाणे.

हे ऐकून लोक लगेच म्हणतात, अहो मग वेगळे कशाला झालात? तर तसं नाही. त्या हसण्याने लग्न वाचलं नाही आणि ते वाचायलाही नको होतं. आमचं जे बिघडलं होतं ते खरंच बिघडलं होतं, त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. पण इतकी वर्षं एका छताखाली काढली की माणसांना एकमेकांच्या सवयी पाठ होतात. हुकूमनामा झाला म्हणून त्या विसरल्या जात नाहीत. त्या व्हरांड्यात आम्हा दोघांची कोणी कीव केली असती, तर आम्ही मान खाली घालून उठलो असतो. हसलो, म्हणून ताठ मानेने उठलो.

विनोदी नाटक लिहावंसं वाटलं त्याचं खरं कारण हे आहे. रडक्या नाटकात घटस्फोट झालेल्या बाईला काही हवं नसतं. तिच्या वाट्याला जे येईल ते ती सोसते, मुलांकडे बघून जगते, आणि शेवटी तिचं कौतुक होतं ते तिने काहीच मागितलं नाही म्हणून. विनोदी नाटकाचं असं चालत नाही. तिथे कोणाला तरी काहीतरी मनापासून हवं असावंच लागतं, त्याशिवाय पहिलं पानही पुढे सरकत नाही. पन्नाशीच्या बाईला संध्याकाळी कोणाशी तरी बोलावंसं वाटतं, कोणीतरी आपली वाट बघावी असं वाटतं, नवी साडी नेसून कोणाला तरी दाखवावीशी वाटते. हे सगळं रंगमंचावर उजळ माथ्याने म्हणायला मला विनोदी नाटकच सापडलं.

उतारवयातल्या लग्नाला आपण हसतो, ते हसणं कुठून आलं याचाही मी विचार केला. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’ रंगभूमीवर आलं १८९९ साली. त्यातला श्रीमंत म्हातारा भुजंगनाथ एका कोवळ्या पोरीशी लग्न करायला निघतो आणि पैशाच्या लोभाने तिचा बापच तयार होतो. प्रेक्षक त्या म्हाताऱ्याला हसले ते योग्यच होतं, पोर वाचावी म्हणून ते हसणं होतं. पण तेच हसणं आपण सरसकट वापरायला लागलो. बाई पन्नास वर्षांची, पुरुष साठीचा, दोघं आपल्या मर्जीने चहाला भेटतात, तरी कॉलनीत खसखस पिकतेच. इथे कोणाची पोर वाचवायची आहे? माझ्या नाटकात या दोघांना कोणी हसत नाही. प्रेक्षक हसतात ते त्यांच्या वाटेत येणाऱ्या अडचणींना, आणि मला तेच हवं होतं.

अडचणींची काही कमी नाही. तरुण प्रेमिकांच्या आड आईबाप येतात, आमच्या आड मुलं येतात, आणि मुलांची बाजूही खोटी नसते. हिंदू वारसा कायदा १९५६चा आहे. मृत्युपत्र नसेल, तर बाईच्या मालमत्तेत तिची मुलं आणि नवरा सारखे वाटेकरी होतात. पुरुष गेला तर पत्नी, मुलं आणि त्याची आई हयात असेल तर तीही, सगळे बरोबरीने. म्हणजे आईने किंवा बाबांनी दुसरं लग्न केलं की राहत्या घराच्या वाट्यांत एक वाटा वाढतो. नाटकात मुलगी पुण्याहून येते आणि आईला थेट विचारते, ‘घराचं काय?’ प्रेक्षागृहात एकदम शांतता होते, कारण तिथे बसलेल्या बऱ्याच जणांनी हा प्रश्न मनात तरी विचारलेला असतो. मी मुलीला खलनायिका केलेलं नाही. आई कपाटातून मृत्युपत्र काढून तिच्यापुढे ठेवते आणि म्हणते, घर तुझंच आहे, आता बस आणि त्यांनी आणलेले पोहे खा. पोह्यांवर तर्री इतकी तिखट असते की मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते पाणी कशाचं हे ठरवायला मी नटीला मोकळं सोडलं आहे.

आता दुसऱ्या अंकाबद्दल, ज्यावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली. हिंदू विवाह कायदा १९५५चा, परस्पर संमतीचं कलम १३-ब त्यात १९७६ साली आलं. वर्षभर वेगळे राहिलात की अर्ज करा, मग किमान सहा महिने थांबा, मग पुन्हा येऊन सांगा की अजूनही हेच हवं आहे. नाटककाराला याहून चांगलं काय हवं! धड नवराबायको नाहीत, धड मोकळेही नाहीत, अशा दोघांचे सहा महिने कायद्यानेच आखून दिलेले. पण माझी एक वकील मैत्रीण आहे, तिला मी लिहिता लिहिताच विचारत होते. तिने सांगितलं की २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत माफ होऊ शकते असं ठरवलं आहे. वेगळं राहून दीड वर्ष उलटलेलं असलं, समेटाचे प्रयत्न करून झालेले असले, पोटगी, मुलांचा ताबा आणि बाकीचं देणंघेणं खरोखर मिटलेलं असलं, तर कोर्ट थांबायला लावेलच असं नाही. ‘मग तुझ्या या दोघांचं काय मिटायचं राहिलंय ते शोध,’ ती म्हणाली.

मला सापडला तो कूलर.

नागपूरबाहेरच्या माणसाला हे कळायला वेळ लागेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. होळी झाली की घरोघरी पत्र्याचा मोठा कूलर गच्चीवरून किंवा माळ्यावरून उतरतो. टाकी घासायची, जुनी खस काढून नवी भरायची, पंप चालतो की नाही ते पाहायचं, आणि मग तो खिडकीबाहेरच्या स्टँडवर चढवायचा. हे एकट्याचं काम नाही. एकाने बाहेरून रेटा द्यायचा, दुसऱ्याने आतून धरायचं, आणि ‘सोडू नको, सोडू नको’ असा ओरडा झालाच पाहिजे. पत्र्याच्या धारेने बोट कापतं. ओल्या खसचा वास पहिल्यांदा घरभर पसरला की उन्हाळा लागला म्हणायचं. ज्या घरातलं एक माणूस कमी होतं, त्या घराला ते कमी झाल्याचं मार्चमध्ये, कूलर लावताना, सगळ्यात जास्त जाणवतं. माझ्या घरी तरी तसंच झालं.

नाटकात नवराबायकोचं सगळं मिटलं आहे, घर, दागिने, मुदत ठेवी, सगळं. फक्त कूलर कोणी घ्यायचा ते ठरत नाही. दोघंही मागतात म्हणून नव्हे. दोघंही ‘तू ठेव’ म्हणतात. तिला माहीत आहे की त्याला उकाडा सहन होत नाही. त्याला माहीत आहे की तिची खोली पश्चिमेची आहे. वकील वैतागतात, आणि कागदावर ‘इतर बाबी’ या शीर्षकाखाली कूलर तसाच राहतो. मग एका दुपारी ते सिंचन खात्यातले गृहस्थ मदतीला येतात. ती आतून धरते, ते बाहेरून रेटतात, कूलर मधेच अडकतो. नेमका त्याच वेळी नवरा कुठल्याशा कागदावर सही घ्यायला येतो, काही न विचारता बाह्या सरसावतो, आणि तिघं मिळून तो कूलर चढवतात. ‘उजवीकडून घ्या, तिचं डावं मनगट दुखतं,’ असं नवरा त्या गृहस्थांना सांगतो. हे वाक्य एक माणूस आपल्या बायकोबद्दल तिच्या होऊ घातलेल्या जोडीदाराला सांगतो आहे, हे कळायला प्रेक्षकांना एक क्षण लागतो. त्यानंतर जे हसू येतं, त्यासाठी मी हे नाटक लिहिलं.

भेटायचं कुठे, हाही एक प्रश्नच. फुटाळा तलावावर संध्याकाळी तरुण मुलांची गर्दी, धरमपेठेत ओळखीचं कोणी भेटणार नाही असं होत नाही. म्हणून ते दोघं मेट्रोत भेटतात. खापरीला बसायचं, सीताबर्डीला गाडी बदलायची, लोकमान्य नगरपर्यंत जाऊन परत यायचं. थंडगार हवा, बसायला जागा, आणि शेजारी बसलेल्या दोन पोक्त माणसांकडे कोणी वळून बघत नाही.

आमच्या मंडळातल्या ज्या ताई नायिकेचं काम करतात, त्यांच्याबद्दलही लिहायलाच हवं. उत्तम अभिनेत्री, पण चाळिशी ओलांडल्यापासून त्यांच्या वाट्याला आई, सासू आणि आत्या यांखेरीज काही आलेलं नव्हतं. वाचनाच्या दिवशी संहिता संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘म्हणजे यात मी कोणाचीच आई म्हणून येत नाही?’ आई आहात, मी म्हटलं, पण नाटक तुमचं आहे. रंगभूमीवर या वयाच्या बायकांना प्रेमात पडायची भूमिका मिळत नाही हे मला फार खटकतं, आणि लिहिणाऱ्यांनीच ते बदलायला हवं.

लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात प्रयोग होता तेव्हा एक वयस्कर काकू मला शोधत आल्या. ‘माह्या लेकीची केस सुरू आहे बाई,’ म्हणाल्या. ‘मले वाटलं, रडाचं असंन तं रडून घिऊ. पण मी तं हसूनच राह्यली. घरी जाऊन तिले काय सांगू?’ मी म्हटलं, तिलाच घेऊन या, पुढच्या प्रयोगाचे पास मी ठेवते. त्या आल्या, लेकीला घेऊन. लेक माझ्याशी काही बोलली नाही, पण कूलरच्या प्रवेशाला तिचा आवाज मला विंगेत ऐकू आला.

आणि हो, काही जण आडून आडून माझ्याबद्दल विचारतात. एक गृहस्थ आहेत. रात्री जेवणं झाल्यावर फोन करतात आणि दिवसभरात काय काय झालं ते विचारतात, मी सांगते, ते ऐकतात. माझ्या मुलीने त्यांना पहिल्या भेटीत बीपीच्या गोळ्या वेळेवर घेता का म्हणून विचारलं, आणि त्यांनी खिशातून डबी काढून दाखवली. याहून जास्त आत्ता सांगणार नाही.

शेवटाबद्दल मात्र माझं आणि मंडळाचं अजून जमलेलं नाही. नाटकातले दोघं १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी लग्न करायचं ठरवतात. त्यात ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. दोघांची नावं, वयं, पत्ते, सगळं भिंतीवर. कोणाला हरकत घ्यायची तर तेवढ्या मुदतीत घ्यावी. नोटीस लागते आणि त्या ३० दिवसांतच पडदा पडतो. दिग्दर्शकाला आणि निम्म्या प्रेक्षकांना सनई आणि हार हवे आहेत, मुंडावळ्या नसल्या तरी चालतील म्हणतात. पण मला त्या दोघांना पाहुण्यांच्या गर्दीत सोडायचं नाही. त्यांनी आपलं नाव स्वतः लिहून दिलं आणि ते भिंतीवर लागलेलं वाचायला दोघं मिळून गेले, हे मला दाखवायचं आहे. पुढचा प्रयोग दिवाळीनंतर आहे, आणि शेवट हाच राहणार आहे.