तीन टार्गेट, एक सीमेक

आमच्या कॉलेजच्या रोबोकॉन (रोबोटांची स्पर्धा) टीमच्या रोबोटात यंदा दोन कंट्रोलर बोर्ड आहेत. चाकांचं सगळं एसटीएम३२ एफ४०७ ही चिप बघते, ग्रिपर (वस्तू पकडणारा पंजा) ब्लू पिल या छोट्या बोर्डाकडे, म्हणजे त्यावरच्या एफ१०३ चिपकडे. दोघांचं बोलणं कॅन बस या तारांच्या जोडीवरून. टार्गेट म्हणजे ज्याच्यासाठी कोड बनवायचा ते यंत्र; ही दोन झाली. तिसरं टार्गेट लॅपटॉप, कारण ओडोमेट्रीचं (चाकांच्या फेऱ्यांवरून रोबोट कुठे आहे ते काढण्याचं) एक सूत्र तपासायला दर वेळी बोर्ड फ्लॅश करत, म्हणजे त्यावर कोड चढवत, कोण बसणार? त्यात चाकांचा बोर्ड एकच आणि त्याच्याभोवती पोरं चार.

आधीच्या बॅचकडून आलेल्या कोडमध्ये पीआयडीच्या (चूक मोजून मोटर सावरणाऱ्या हिशोबाच्या) फाइलीतही चिपच्या नावाचे इफडेफ, म्हणजे चिप बघून कोडचा तुकडा घ्यायचा की गाळायचा ते ठरवणाऱ्या ओळी, होते. पीआयडीला चिपशी काय देणंघेणं? ते सगळे उपटून काढले. कंट्रोलची लायब्ररी वेगळी केली. ती तिन्हीकडे जशीच्या तशी कंपाइल झाली पाहिजे, ही एकच अट.

सीमेकवर, म्हणजे कोडचा बिल्ड कसा करायचा ते ठरवणाऱ्या टूलवर, येताना पोरांचा हट्ट असा, की एकाच कॉन्फिगरमध्ये (बिल्डच्या एकाच मांडणीत) तिन्ही बिल्ड निघावेत. नाही निघत. एका कॉन्फिगरला एकच टूलचेन (कंपायलर, लिंकर वगैरेंचा संच), आणि तिची फाइलही पहिल्यांदा वाचून कॅशमध्ये जाऊन बसते. नंतर दुसरी फाइल द्या, सीमेक ढिम्म. म्हणून प्रत्येक टार्गेटला स्वतःचं बिल्ड फोल्डर आणि एक प्रीसेट, म्हणजे नाव दिलेली तयार सेटिंग. प्रीसेट्स सीमेक ३.१९ पासून आहेत. नव्या पोराने प्रीसेटचं नाव तेवढं लक्षात ठेवायचं.

कोअर आणि फ्लोटिंग पॉइंटचे (दशांश हिशोबाचे) फ्लॅग टूलचेन फाइलीतच, दुसरीकडे कुठेही नाही. एफ४०७ ला सिंगल प्रिसिजनचा एफपीयू, म्हणजे दशांश हिशोब करणारा चिपमधला भाग, आहे; एफ१०३ ला अजिबात नाही. एक लायब्ररी हार्ड (एफपीयू वापरणारी) आणि दुसरी सॉफ्ट (सॉफ्टवेअरने हिशोब करणारी) झाली, की सगळे तुकडे जोडणारा लिंकर 'व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स' म्हणून ओरडतो. ते बरंच, ओरडतो तरी. नुसतं ०.५ लिहून पुढचा एफ विसरलात, तर हिशोब डबलमध्ये, म्हणजे दुप्पट लांबीच्या आकड्यात, जातो आणि एफ४०७ वरही सॉफ्टवेअरने होतो, कुणी चूं करत नाही. डबल-प्रमोशनची वॉर्निंग चालू ठेवा.

पण खरा छळ इंटरप्टने केला, म्हणजे चालू काम थांबवून लगेच दुसरं करायला लावणाऱ्या इशाऱ्याने. बोर्डाचा कोड नीटनेटका असावा म्हणून एका पोराने ड्रायव्हर आणि त्यांचे हँडलर (इंटरप्ट आला की चालणारी फंक्शन्स) स्टॅटिक लायब्ररीत टाकले. बिल्ड स्वच्छ, एक वॉर्निंग नाही, आणि बोर्ड टायमरच्या पहिल्याच इंटरप्टला गार. डीबगर लावून थांबवलं तर गडी डिफॉल्ट हँडलरच्या अनंत लूपमध्ये. झालं असं, की स्टार्टअप फाइलीत प्रत्येक हँडलरचं एक वीक नाव, म्हणजे दुसरं मिळालं नाही तर वापरायचं नाव, आधीच असतं. लिंकर लायब्ररीत शोधायला जातो तो न सापडलेल्या नावांसाठी. हे नाव तर सापडलेलंच आहे! मग आपला हँडलर असलेली फाइल तो उचलतच नाही. ती लायब्ररी ऑब्जेक्ट प्रकारची करून थेट फर्मवेअरच्या टार्गेटला जोडली, म्हणजे तिच्या सगळ्या फाइली लिंकमध्ये येतातच. बदल एका शब्दाचा. आता मॅप फाइलीत (लिंकरने काय कुठे ठेवलं त्या यादीत) टायमरच्या हँडलरचा पत्ता डिफॉल्टपेक्षा वेगळा आहे ना, हे बघितल्याशिवाय आमच्याकडे कुणी फ्लॅश करत नाही.

लिंकरला मेमरीचा वापर छापायला सांगायचंही विसरू नका. ब्लू पिलवर २० केबी रॅम आहे, ती बघता बघता संपते.

आता पोरांना वायरलेस टेलिमेट्रीसाठी (रोबोटाचे आकडे दुरून बघायला) ईएसपी३२ ही वायफायची चिप हवीय. तिचं आयडीएफ, म्हणजे कोड लिहायचं किट, सीमेकवरच चालतं, पण घरातले नियम त्याचे स्वतःचे, त्यामुळे आपली कंट्रोल लायब्ररी त्याच्याकडे कंपोनंट म्हणून नोंदवावी लागेल. या आठवड्यात तेच काम काढलंय.