रोथसेच्या धक्क्यावरची मुतारी

जुन्या वास्तूंच्या जतनाच्या कामात मी देवळे मोजली, वाडे मोजले. पुरुषांची मुतारी मोजण्याची वेळ मात्र स्कॉटलंडमध्ये आली. ब्यूट बेटावरच्या रोथसे गावात, बंदराच्या धक्क्यावर, १८९९ साली उभारलेले स्वच्छतागृह आजही वापरात आहे. तिथल्या मातकामाच्या झिलईवर पडलेल्या बारीक तड्यांची नोंद करायला मी आणि माझे वरिष्ठ सहकारी, लोकांची ये-जा सुरू होण्याआधी, भल्या सकाळी आत शिरलो.

दारातच पायाखाली रंगीत चिपांच्या लादीत गावाचे मानचिन्ह रेखलेले आहे. आत ट्वायफर्ड कंपनीच्या वीस मुताऱ्या आहेत: चौदा भिंतींलगत आणि सहा मधोमध गोलाकार मांडलेल्या. भाजलेल्या पांढऱ्या मातीला गडद संगमरवराची किनार दिल्यासारखे ते काम दिसते. पाण्याच्या टाक्यांच्या बाजू काचेच्या असल्यामुळे आत चढणारे पाणी दिसत राहते आणि तांब्याचे नळ आरशासारखे घासलेले असतात. झिलईवरून नखाचे टोक फिरवत एकेक तडा शोधताना मला खरोखर भरून आले. ग्लासगोहून आगबोटीने सुट्टीला येणाऱ्या सामान्य माणसाच्या अगदी क्षुल्लक गरजेसाठी कुणी एवढी कलाकुसर करावी, ही मला त्या काळातली फार मोठी गोष्ट वाटते.

दुपारी आराखडा जुळवताना मात्र एक मोजमाप खटकले. स्त्रियांच्या बाजूची खोली बाकी मांडणीशी कुठेच जुळेना. सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मूळ इमारतीत स्त्रियांसाठी काही नव्हतेच. १९९४च्या दुरुस्तीत तिथल्या सामानाच्या खोलीतून ही जागा काढली."

त्याच बोटींतून बायकाही उतरत होत्या, कडेवर मुले घेऊन, कित्येक तासांचा प्रवास करून. मुंबईत स्त्रियांना मोफत मुतारी मिळावी म्हणून २०११ साली मोहीम उभारावी लागली, हे मला तेव्हा आठवले, आणि हातातली टेप काही क्षण तशीच राहिली.

ती खोली मी शेवटी मोजली. पुरुषांच्या दालनाला जवळजवळ पूर्ण दिवस लागला होता. इथे दहा मिनिटांत काम उरकले. आराखड्यावर दोन्ही जागा एकाच प्रमाणात काढल्या आणि प्रत्येकीवर तिचे साल लिहिले.