मीठ किती? एवढं!

आज बाबांसोबत लिव्हरच्या ओपीडीत होते. त्यांना सिरॉसिस (लिव्हर कायमचं खराब होणं), पोटात पाणी. फाइलमध्ये वर्षभर एक इंग्रजी पत्रक पडून आहे: दिवसाला सोडियम (मिठातला एक घटक) २ ग्रॅम. सातवी शिकलेल्या आईला त्यातून काय कळणार? (मला तरी कुठे कळलं होतं म्हणा!) आज सिस्टरांनी चहाचा सपाट चमचाभर मीठ दाखवलं. "काकू, दिवसभरात एवढंच. पापड-लोणचं यातच धरायचं."

लॅक्टुलोज म्हणजे जुलाब करवणारं औषध, म्हणून बाबा गुपचूप टाळायचे. त्याने अंगात साठणारा विषारी अमोनिया बाहेर पडतो, नाहीतर माणूस बरळायला लागतो, दिवसातून २-३ वेळा पोट साफ व्हायलाच हवं, हे त्यांना आज कुणीतरी नीट सांगितलं. आईने सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं. आत्ता भाजी फोडणीला टाकताना तेच ऐकतेय.